सायकलवाल्या मामांना, रंग काढू न दिल्याबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. नातू वाचून दाखवेल, तोवर बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. दुकानात आभार मानायला आलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता, म्हणून हे असं जाहीर लिहावं लागतंय.

आमच्या तात्यांची रॅले. वाकड्या हँडलची, 5 गिअरची, पुढच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला असलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा कोल्हापुरात शुक्रवार पेठेत शिरली तेव्हा ती आमच्या जिन्याखाली होती, आणि पाणी उतरेपर्यंत तिथंच बुडून राहिली. त्यानंतर ज्याला दाखवावी त्याचे दोनच सल्ले. भंगारात घाला, नाहीतर सगळी घासून पावडर कोटिंग मारा, नवीकोरी दिसेल. तुमच्याकडे आले तेव्हा रंगांचं कार्ड माझ्या पर्समध्येच होतं.

तुम्ही कार्डाकडे बघितलंसुद्धा नाहीत. सीटची दांडी काढून फ्रेम उलटी धरलीत आणि नळीतून पुराचा वाळलेला गाळ भसकन पेपरवर पडला. करडा, मैद्यासारखा बारीक. मग एकेका नळीवर पान्यानं टकटक करून कान लावलात. "गंज वरचा हाय पोरी. नळी ठणठणीत हाय. रंगाला हात लावायचा न्हाई." रंग काढायला वाळूचा मारा केला की पातळ नळी आणखी पातळ होते, आणि पावडर आट्यांत जाऊन बसते, ती काढताना जुने आटे जातात. एवढं दोन वाक्यांत सांगून तुम्ही पुढच्या गिऱ्हाईकाचं पंक्चर काढायला बसलात.

आज तिचा हिरवा रंग जिथं टिकलाय तिथं टिकलाय, जिथं उडालाय तिथं तेलाचा हात आहे. हँडलचा क्रोम तर तुमच्या सूनबाईंनी दिलेल्या, चपात्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला. असा निघेल हे मला खरं वाटलं नव्हतं.

पण खरे आभार कॉटर पिनांचे. ज्यांनी हल्लीच्याच सायकली बघितल्यात त्यांच्यासाठी सांगते: जुन्या सायकलीत क्रँक (पेडलचा दांडा) आणि बीबीचा, म्हणजे फ्रेमच्या तळाशी फिरणारा, एक्सल यांना एक लोखंडी पाचर धरून ठेवते, ती कॉटर पिन. पुराच्या पाण्यात ती क्रँकशी एकजीव झाली होती. अशा वेळी सरळ हातोडा घालायची रीत आहे. तुम्ही घातला नाहीत. म्हणालात, वर ठोकलं की मार खाली छऱ्यांना बसतो, छरे ज्या कपात, म्हणजे वाटीत, फिरतात तिच्यात खड्डे पाडतात, आणि या रॅलेच्या कपाला इंचाला 26 आटे आहेत. बाजारात मिळतो तो 24 चा. कप गेला म्हणजे सायकल गेली. मग डिझेल सोडून वाट बघणं. रोज संध्याकाळी पुन्हा दोन थेंब. शेवटी उद्यमनगरातल्या लेथवाल्या भाऊंकडून एक पोकळ बुश करून आणलात, पिनेच्या डोक्याकडे तो लावलात आणि सी-क्लॅम्पनं, म्हणजे स्क्रूनं आवळायच्या शिकंज्यानं, दुसऱ्या टोकाकडून दाबत गेलात. पिन "टक्" करून सुटली तेव्हा दुकानातले सगळे हसले, तुम्ही तेवढे नाही. (लेथवाल्या भाऊंनी बुशचे पैसे घेतले नाहीत, "मामांचं काम हाय" म्हणाले. त्यांनाही नमस्कार.)

आत कप शाबूत निघाले. धुऊन, ग्रीस भरून, दोन्हीकडे पाव इंची 11-11 नवे छरे. नव्या पिना मात्र तुम्ही मलाच घासायला लावल्यात. सपाट बाजूवर कानस दोनदा फिरवायची, पिन बसवून बघायची, दोन्ही क्रँक एका रेषेत येईपर्यंत पुन्हा काढायची. एका क्रँकचा नट वर आला तर दुसऱ्याचा खाली यायला हवा, हे मी आता झोपेतही सांगेन.

टायरच्या बाबतीतही तसंच. 27 इंची रिम म्हणजे टायर बसतो तिथं 630 मिलिमीटर व्यास, तो टायर इथं मिळेना. कुणीतरी आपल्या काळ्या सायकलीचा 28 चा सुचवला. तुमचं उत्तर: "त्यो 635 चा. चढंल, पण हवा भरली की उडंल." जुन्या हबवर 36 तारांची, किंचित लहान अशी 700 ची ॲल्युमिनियम रिम ओवलीत, आऊट काढलात (चाक डुलणार नाही अशा तारा आवळल्यात) आणि ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर खाली घेतलेत. क्रोमच्या रिमवर पावसात ब्रेक लागत नाही, हे कोल्हापुरात राहून कोण नाकारेल? तात्यांच्या वेळच्या चकचकीत रिम गेल्याचं जरा वाईट वाटलं. वाघबीळचा उतार उतरताना वाईट वाटणं बंद झालं.

हो, पन्हाळ्याला जाऊन आले. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ. शेवटच्या चढाला त्या जुन्या गिअरनं जीव काढला, थोडी चाललेही. क्रँक एकदाही कुरकुरली नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे परत आल्यावर कॉटरचे नट आवळले. उजवा पाव फेरा फिरला, डावा जागचा हलला नाही. मागचा ब्रेक किंचाळतोय, तो रविवारी दाखवायला आणते. आणि मामा, त्या दिवशी मजुरी पुरी घ्यायची. मागच्या खेपेसारखी "राहू दे की" केलीत, तर चहा मी समोरच्या टपरीवर घेईन.

तुमची,
शुक्रवार पेठेतली रॅलेवाली