बालवाडीच्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे उघड पत्र.

माझा मुलगा तुमच्याकडे आला तेव्हा साडेचार वर्षांचा होता. आधीच्या एका नावाजलेल्या शाळेनं त्याच्यावर ‘जरा मागे आहे’ असा शिक्का मारलेला. डायरीत लाल शाईनं यायचं : रंग ओळखता येत नाहीत, घरी सराव घ्यावा. मी घेतला. अप्पा बळवंत चौकातून रंगांचा तक्ता आणून फ्रीजला चिकटवला आणि रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत विचारायचे, ‘हा कुठला? आणि हा?’ निळा-पिवळा तो झटकन सांगायचा. हिरव्यापाशी आला की तक्त्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायचा. एकदा मी धपाटा घातला. तो मला अजून टोचतो.

तुमच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत तक्ता नव्हताच. तुम्ही पोरांची आगगाडी करून त्यांना मंडईत नेलंत. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकलात, पिवळ्याचं लाल झालं, आणि कुंकूसुद्धा हळदीचंच करायचे हे सांगून टाकलंत. त्या दिवशी माझं देवघर थोडक्यात वाचलं. आणि ते पुस्तक! जुन्या साडीच्या तुकड्यांची पानं, प्रत्येक पानावर त्या रंगाला नाव देणारी खरीखुरी वस्तू शिवलेली किंवा डकवलेली. बदामीला बदाम, विटकरीला विटेची खपली, मोरपंखीला मोरपीस, आमसुलीला आमसूल. आपल्या भाषेत रंगांची निम्मी नावं स्वयंपाकघरातून आणि झाडापानांतून आलीत, हे चाळिशीला टेकल्यावर मला त्या पुस्तकानं शिकवलं. आमसूल तीनदा बदलावं लागलं, कारण आमचे चिरंजीव ते चाटायचे.

पण आभार खरे त्या शुक्रवारचे. मुलं अंगणात ‘कलर कलर’ खेळत होती. राज्य असलेला रंग सांगणार, बाकीच्यांनी पळत जाऊन त्या रंगाला हात लावायचा. मी न्यायला आले तेव्हा तुम्ही मला कोपऱ्यात घेतलंत. म्हणालात, ‘तो निळ्याला पहिला पळतो. लाल-हिरव्याला नेहमी दुसरा. कुणीतरी हात लावेपर्यंत थांबतो. हुशार आहे हो तो, फार हुशार आहे. डोळे दाखवून घ्या.’ आणि त्याचं झाडाचं चित्र पुढे केलंत : खोड हिरवं, पानं तपकिरी. त्यावर लाल फुली नव्हती. मागे पेन्सिलीनं तारीख, एवढंच.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अण्णाही आले होते, माझे वडील, रिक्षानं सोबत म्हणून. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेली ती ठिपक्यांची पुस्तिका समोर आली. पहिलं पान १२ चं, ते सगळ्यांनाच वाचता येतं. पुढच्या पानावर मला लख्ख ८ दिसत होता. मुलगा म्हणाला, ‘तीन.’ मी आवंढा गिळला. तेवढ्यात शेजारून अण्णा चष्मा सावरत वाकले आणि म्हणाले, ‘तीनच आहे की.’

डॉक्टर हसायला लागले. मग कागदावर रेघा मारून समजावलं : हा लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा, हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. वडिलांचं एकुलतं एक एक्स मुलीकडे जातंच, म्हणजे ते माझ्याकडे आलं. माझ्याकडे दुसरं चांगलं असल्यानं मला त्रास नाही. मुलाला माझ्या दोघांतलं कुठलं मिळणार, हा छापाकाटा. औषध नाही, पण वाढतही नाही. अण्णा रिक्षात बराच वेळ गप्प होते. लकडी पूल ओलांडल्यावर म्हणाले, ‘म्हणजे टोमॅटोची चूक माझी नव्हती.’ चाळीस वर्षं ते मंडईतून अर्धे कच्चे टोमॅटो आणत होते आणि आई चाळीस वर्षं तेच वाक्य ऐकवत होती.

मी रिपोर्ट दाखवला तेव्हा वाटलं होतं, आता तुम्ही त्याला रंगांतून सूट द्याल. तुम्ही दिली नाहीत. खडूंच्या पेटीत हिरव्याच्या कागदावर पान काढलंत, लालवर टोमॅटो. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलंत तेव्हा सगळी पोरं ‘जांभळं, जांभळं’ ओरडली, हा एकटा ‘निळंच आहे’ म्हणाला. तुम्ही फळ्यावर दोन्ही लिहिलंत, कुणाला काय दिसलं ते, नावांसकट. घरी येऊन त्यानं ऐटीत सांगितलं, ‘माझं वेगळं आलं.’ तक्त्यासमोर मान खाली घालणारा माझा मुलगा हाच का, असं क्षणभर वाटलं. तक्ता मी त्याच रात्री काढला. फ्रीजवर गोंदाचे चार डाग अजून आहेत.

आता तो पहिलीत आहे. वर्गशिक्षिकांना पहिल्याच दिवशी त्यानं स्वतःच सांगितलं. परवा रविवारी आजोबा-नातू पिशवी घेऊन मंडईत गेले. भाजीवाल्या मावशींना म्हणे दोघांनी एका सुरात सांगितलं, ‘आम्हाला लाल कळत नाही, तुम्हीच निवडून द्या.’ मावशींनी एक टोमॅटो वर घातला.

तो तुमच्यासाठी राखून ठेवलाय. उद्या पोचवते.

तुमची,
आमसूल चाटणाऱ्याची आई