ड्यूररनं काढलेली त्याची आई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत एका रेखाचित्राची प्रत पाठवतेय. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनं मार्च १५१४मध्ये आपल्या आईचं, बार्बाराचं, कोळशानं काढलेलं हे चित्र आहे. मूळ चित्र बर्लिनच्या संग्रहालयात असतं. आई, बघताक्षणी तू म्हणशील, स्वतःच्या आईला असं कुणी दाखवतं का? गळ्याची हाडं वर आलेली, कपाळभर सुरकुत्या, दोन डोळे दोन दिशांना. पुष्कळांना हे चित्र निर्दय वाटतं. मला अजिबात वाटत नाही.

त्या काळात बाईचं चित्र करून घ्यायचं ते बहुधा लग्नाच्या निमित्तानं किंवा घराण्याचा मान दाखवायला. बार्बाराचंही तसं एक रंगीत चित्र आहे, साधारण १४९०चं. तेही ड्यूररचंच मानतात. पण ते नवऱ्याच्या चित्राच्या जोडीचं. ती तिथे सोनाराची बायको म्हणून आहे. कोळशाच्या चित्रात ती एकटी आहे. डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र तेवढं तिची जागा सांगतं, कारण लग्न झालेल्या बाईनं केस झाकायचे ही तिथली रीत होती.

बाकीचं चेहऱ्यावरच वाचायचं. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा चाळिशीचा. अठरा बाळंतपणं झाली. ड्यूररनं १५२४मध्ये घराण्याची हकीकत लिहिली, तेव्हा त्या अठरांतले तिघे भाऊच हयात होते. तिला प्लेग होऊन गेला, गरिबी आणि लोकांची टवाळी तिनं सोसली, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. १५०२मध्ये नवरा गेला आणि दोन वर्षांनी मुलानं तिला आपल्या घरी आणलं. तिथेही ती नुसती बसून नव्हती. ड्यूरर व्हेनिसला असताना मित्राला लिहिलेल्या पत्रात आईसाठी निरोप आहे, जत्रेत माझी चित्रं विकायला ठेव म्हणून! हे कळल्यापासून मला त्या चेहऱ्यात आजारपणाच्या आधी कामाचा शीण दिसतो.

बाबा, तुम्ही वरच्या कोपऱ्यातला मजकूर भिंगातून बघा. ही आल्ब्रेख्त ड्यूररची आई, वय त्रेसष्ट, असं त्यानं कोळशानंच लिहिलंय. मे महिन्यात ती गेली, तेव्हा त्यानं तोच कागद पुन्हा काढून शाईनं तिच्या मृत्यूचा दिवस आणि वेळ लिहिली. श्रीमंताच्या घरची बाई तिच्या दागिन्यांसकट चितारली जाई. सोनाराच्या या विधवेची मात्र एकेक सुरकुती तिच्या मुलाला नोंदवण्याजोगी वाटली. त्याच्या हातून झालेला याहून मोठा आदर मला माहीत नाही.

मी येईन तेव्हा तुम्हा दोघांची रेखाचित्रं काढणार आहे. आई, नवी साडी नेसून बसू नकोस, चष्माही काढू नकोस. आणि या चित्रातल्या डोळ्यांत तुला काय दिसलं ते आधी कळव.

तुमची,
ताई