निवांत म्हणून विकलेली सहल आणि घाटातून ढकललेल्या सायकली: कॉट्सवोल्ड्सच्या सहलीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय: इंग्लंडमधील कॉट्सवोल्ड्स या डोंगराळ भागातील, सप्टेंबरमधील सहा दिवसांच्या सायकल सहलीतील सदोष मार्ग व मदतीचा अभाव

महोदय,

मी, माझे यजमान, माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान असे आम्ही चौघे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या सायकल सहलीला गेलो होतो. चौघेही साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. नावनोंदणीच्या वेळी आम्ही वये लिहून दिली होती आणि आपल्या कार्यालयात बसून स्पष्ट विचारलेही होते. ‘रोज पंचवीस ते तीस किलोमीटर, शांत रस्ते, किरकोळ चढ, गावागावांत थांबायला भरपूर वेळ’ असे उत्तर मिळाले. माहितीपत्रकातही हेच छापलेले आहे. माणशी 2,15,000 रुपये आम्ही याच शब्दांवर भरले.

पहिल्यांदा चांगले ते सांगते, कारण तेही खरे आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून मोरटन-इन-मार्शपर्यंतचा रेल्वेप्रवास, तिथे तयार मिळालेल्या सायकली, मुक्कामाच्या खोल्या, वेळेवर पोचणाऱ्या बॅगा यांपैकी कशाबद्दलही तक्रार नाही. मोरटनहून ब्लॉकलीमार्गे चिपिंग कॅम्डनला गेलो तो दुसरा दिवस तर मी जन्मभर विसरणार नाही. दोन्ही बाजूंना झुडपांची दाट कुंपणे, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता, कुंपणावर पिकलेली ब्लॅकबेरी. कॅम्डनमध्ये शिरताना पाऊस आला आणि आम्ही बाजाराच्या दगडी मांडवाखाली थांबलो. हा मांडव 1627 सालचा आहे. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांना ऊनपाऊस लागू नये म्हणून बॅप्टिस्ट हिक्स या धनाढ्य व्यापाऱ्याने तो बांधून दिला. ‘चिपिंग’ या जुन्या शब्दाचा अर्थच बाजार, म्हणजे आपल्याकडची पेठ. शेकडो वर्षे पावलांनी झिजलेल्या त्या फरशीवर आम्ही तासभर बसून होतो, कोणालाच घाई नव्हती. आम्ही पैसे मोजले होते ते या तासासाठी.

तिसऱ्या दिवसापासून असा तास आम्हाला मिळाला नाही.

आपण मोबाइलवर दिलेल्या मार्गाच्या फाइलने आम्हाला कॅम्डनहून खाली ब्रॉडवेला उतरवले आणि तिथून स्नोझिलमार्गे पुन्हा वर चढवून स्टो-ऑन-द-वोल्डला नेले. कॉट्सवोल्ड्सची ठेवण पुण्याच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागू नये. आपला सह्याद्री पश्चिमेला कोकणात कड्यासारखा तुटतो आणि पूर्वेला देशाकडे हळूहळू उतरत जातो. चुनखडीचे हे पठारही तसेच कललेले आहे: वायव्येची कड उभी, आग्नेयेचा उतार सौम्य. ब्रॉडवे गाव त्या उभ्या कडेच्या पायथ्याशी आहे आणि गावामागच्या टेकडीवरचा ब्रॉडवे टॉवर 312 मीटर उंचीवर. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीच्या माथ्यापर्यंत जाणे वेगळे आणि कोकणात उतरून तोच घाट सायकलवर परत चढणे वेगळे. आपण आमच्याकडून ही दुसरी गोष्ट करून घेतलीत, आणि पत्रकात तिला ‘किरकोळ चढ’ म्हटलेत. स्नोझिलच्या रस्त्यावर आम्ही चौघेही उतरलो आणि दीड तास सायकली ढकलत चाललो. बहिणीचा गुडघा त्या दिवशी सुजला तो अजून पूर्ण बरा झालेला नाही. मी अंतराबद्दल बोलत नाही. त्या दिवसाचे किलोमीटर पत्रकात लिहिले होते तेवढेच भरले. एकूण चढ किती मीटर, हे मात्र पत्रकात कुठेच नाही, आणि सायकलवाल्याला किलोमीटरपेक्षा तोच आकडा आधी कळायला हवा.

चौथ्या दिवसाबद्दल लिहिताना अजूनही हात थरथरतो. स्टोहून बोर्टन-ऑन-द-वॉटरला जायला फाइलने आम्हाला ए-429 या रस्त्यावर घातले. हा मूळचा रोमनांचा फॉस वे. आखल्यासारखा सरळ असल्यामुळे ट्रक आणि मोटारी तिथे सुसाट जातात. कडेला सायकलसाठी वेगळी पट्टी आम्हाला कुठे दिसली नाही. सायकलला मागे टाकताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे असे ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत 2022 पासून स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या शेजारून गेलेल्या एका ट्रकने ते ठेवले नाही. वाऱ्याच्या झोताने माझ्या यजमानांचा तोल गेला आणि ते गवतात पडले. कोपर सोलवटले, मनगट मुरगळले. ते उजवीकडे पडले असते तर मी हे पत्र वेगळ्या कोणाला तरी लिहीत असते.

ट्रकवाल्याची चूक आहेच. पण आम्हाला त्या रस्त्यावर कोणी पाठवले? लोअर स्वेलवरून अपर स्लॉटर आणि लोअर स्लॉटर या दोन गावांतून बोर्टनला जाणारे शांत रस्ते नकाशावर ठळक दिसतात. पत्रकात या दोन्ही गावांची छायाचित्रेसुद्धा आहेत! अपर स्लॉटरमधून दोन्ही महायुद्धांत गेलेली सगळी माणसे जिवंत परत आली. इंग्लंडमध्ये अशी गावे फार थोडी आहेत. त्या गावात दहा मिनिटे नुसते उभे राहावे एवढ्यासाठी मी ही सहल निवडली होती, आणि आपल्या फाइलने आम्हाला त्याच्या बाजूने महामार्गावरून नेले.

पडल्यावर मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. दुपारचे सव्वादोन वाजले होते. फोन बंद. नंतर लक्षात आले की मदतकक्ष भारतीय वेळेनुसार सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालतो. म्हणजे सप्टेंबरात इंग्लंडमध्ये पहाटे साडेपाच ते दुपारी दीड. सायकलस्वाराला अडचण येते ती दुपारनंतर, पाय थकल्यावर, वाट चुकल्यावर. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे फोन उचलायला कोणी नाही.

पाचव्या दिवशी बिबरीकडे जाताना फाइलने आम्हाला शेतातल्या पायवाटेवर नेले. समोर कुंपण ओलांडायची लाकडी पायरी, खांबावर पिवळा बाण. आम्ही सायकली उचलून पलीकडे टाकत असताना शेताचे मालक आले. त्यांनी शांतपणे समजावले की पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा बाण घोडेवाटेचा. सायकलला घोडेवाटेवर जायची मुभा 1968 च्या कायद्याने आहे, पायवाटेवर नाही. परक्या देशात कोणाच्या तरी शेतात आगंतुकासारखे उभे राहावे लागले याची मला फार लाज वाटली. मागे फिरण्यात दोन तास गेले. बिबरीला पोचलो तेव्हा अंधारून आले होते. तिथली आर्लिंग्टन रो नावाची जुन्या दगडी घरांची रांग पाहायची होती. ती घरे चौदाव्या शतकात लोकर साठवायला बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिथे विणकर राहू लागले. ती आम्ही रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात लांबून पाहिली. सहाव्या दिवशी यजमान आणि बहीण टॅक्सीने किंगम स्थानकावर गेले, आम्ही दोघे बर्फर्डमार्गे सायकलवर.

ती शेवटची वाट आम्ही फाइल बंद करून बोर्टनमध्ये विकत घेतलेल्या ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या ओएल-45 या नकाशावरून शोधली. त्यात पायवाट हिरव्या आखूड रेघांनी आणि घोडेवाट लांब रेघांनी दाखवलेली आहे. समोच्च रेषाही आहेत. कोणत्या रस्त्याला चढ आहे हे शाळेत भूगोल शिकलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळते. आपल्या मार्ग आखणाऱ्याने हा नकाशा एकदा उघडला असता तर यातले काहीच झाले नसते.

माझ्या मागण्या अशा. तिसरा, चौथा आणि पाचवा दिवस ठरल्याप्रमाणे मिळाला नाही, म्हणून चौघांच्या सहल खर्चातील निम्मी रक्कम परत मिळावी. बोर्टनमधील औषधोपचाराचा आणि टॅक्सीचा खर्च वेगळा द्यावा, पावत्या सोबत आहेत. मदतकक्ष सहलीच्या देशाच्या वेळेनुसार सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालू ठेवावा. पत्रकात प्रत्येक दिवसाचा एकूण चढ मीटरमध्ये छापावा. आणि ए-429 चा तुकडा फाइलमधून आजच्या आज काढावा, पैशांचा निर्णय व्हायची वाट पाहू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली पुढची तुकडी एप्रिलमध्ये निघणार असल्याचे जाहिरातीत वाचले. स्टो ते बोर्टन आणि बोर्टन ते बिबरी हे दोन्ही टप्पे मी नकाशाच्या प्रतीवर निळ्या पेनने पुन्हा आखून सोबत जोडले आहेत. अपर स्लॉटर त्यात आहे.

कळावे,

आपल्या सप्टेंबर सहलीतील एक ग्राहक
(सेवानिवृत्त शिक्षिका), पुणे