कोल्हापूरला दोन दिवस जाताना

महोदय,

शनिवार-रविवारी सहकुटुंब कोल्हापूरला जाऊ इच्छिणाऱ्या पुणेकरांना एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. अंतर सुमारे २३० किलोमीटर असल्याने अनेकजण सकाळी निघून त्याच दिवशी अंबाबाईचे दर्शन, न्यू पॅलेसमधील संग्रहालय आणि रंकाळा असा भरगच्च बेत आखतात. आम्हीही तसेच केले आणि माझ्या वृद्ध सासूबाईंना भर दुपारी रांगेत ताटकळावे लागले, याची खंत अजून जात नाही. दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटे ठेवले असते, तर हे टळले असते.

रविवारी मात्र आम्ही केवळ पन्हाळा पाहिला. शहरापासून जेमतेम २० किलोमीटरवरच्या या गडावर गाडी थेट वर जाते, त्यामुळे गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे सासूबाईंनाही सावकाश पाहता आली. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवछत्रपती १६६० मध्ये येथूनच विशाळगडाकडे निसटले, हे तटावर उभे राहून सांगितल्यावर मुलांनी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे इतिहासाचे पुस्तक वाचताना कधीच विचारले नव्हते. लहान मुले आणि वडीलधारी सोबत असतील, तर दिवसाला एकच मोठे ठिकाण ठरवावे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे