वारसाच्या लग्नाचे कागद वाचायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काकांना सा. न.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणता आणि लगेच पावसावर नाहीतर डिस्ट्रिक्ट लाइनवर येता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता पूर्ण वाचावंच लागेल.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांना सांगते, काका पूर्व लंडनमध्ये आयुष्यभर सॉलिसिटर होते, घरं, जमिनी, मृत्युपत्रं, ट्रस्ट हेच त्यांचं काम. आणि मी मराठीत एक ऑडिओ मालिका लिहितेय, १८११-१२ चं लंडन, राजा आजारी म्हणून युवराज रीजंट, म्हणजे त्याच्या वतीनं राज्य चालवणारा, झालेला, आणि एका उमराव घराण्यातला थोरला मुलगा ज्याच्यासाठी घरचे बायको शोधतायत. कपडे, बग्ग्या, नाच, मेणबत्त्यांची झुंबरं हे सगळं वाचून मिळतं. पण हा मुलगा नेमकं काय शोधतोय, त्याच्या मागे एवढी घाई कुणाची आणि का, हे मला फक्त तुमच्यामुळं कळलं, आणि ते कळल्यावर अख्खी मालिकाच वेगळी झाली.

तुम्ही सुरुवातच इथून केलीत की त्या मुलाचा बाप इस्टेटीचा मालक नसतोच मुळी. तो हयातीपुरता मालक. उत्पन्न खायचं, वाड्यात राहायचं, पण विकायचं नाही, कारण आजोबांनी सेटलमेंट, म्हणजे मालमत्ता पुढे कुणाला कशी मिळेल हे बांधून टाकणारा करारनामा, करून सगळी जमीन नातवाच्या नावानं पुढे बांधून ठेवलेली असते. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बाप आणि मुलगा दोघं मिळून ती गाठ सोडवू शकतात. मग बाप काय करतो, तर पोराला म्हणतो, तुला दरवर्षी हातखर्चाला इतके पौंड देतो, या नव्या कागदावर सही कर. पोराकडे दुसरं उत्पन्न नसतं, बरेचदा क्लबातल्या पत्त्यांचं आणि शिंप्याचं देणं डोक्यावर असतं, तो सही करतो, आणि तोही हयातीपुरता मालक होऊन बसतो आणि जमीन आता त्याच्या अजून जन्मालाही न आलेल्या मुलासाठी बांधली जाते. हे सगळं बहुतेक वेळा त्याच्या लग्नाच्या सुमारास व्हायचं. तुम्ही म्हणालात, "बघ, म्हणजे लग्न ठरताना तिसरा एक माणूस टेबलावर असतो जो जन्मलेलाच नाही, आणि सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच घेतलेली असते." काका, हे वाक्य मी जसंच्या तसं पहिल्या भागात एका म्हाताऱ्या वकिलाच्या तोंडी घातलंय, परवानगी नंतर मागतेय.

मग मुलीकडचा पैसा, म्हणजे तिचा पोर्शन. तो कुठं जातो हे तुम्ही समोर आकडे लिहून दाखवलंत, त्यातून मुलाच्या घरचं कर्ज फिटतं, त्याच्या धाकट्या बहिणींची लग्नं होतात, धाकट्या भावाला सैन्यात कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याची जागा, विकत घेऊन देता येतं. त्याच्या बदल्यात मुलीला काय, तर वर्षाला पिन मनी, म्हणजे तिचा स्वतःचा हातखर्च, आणि नवरा आधी गेला तर मरेपर्यंत ठरलेली वार्षिक रक्कम, जॉइंचर. आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीत याद्या होतात तसंच सगळं, फक्त दोन्हीकडचे वकील मिळून महिनोन्‌महिने लिहितात. आणि हे एवढं लिहावं लागायचं कारण लग्न झालं की कायद्याच्या दृष्टीनं बायकोचं वेगळं असं काही उरायचंच नाही, तिचे पैसे, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं. विवाहित बाईच्या मालमत्तेचे कायदे यायला १८७० आणि १८८२ उजाडलं. तोपर्यंत तिला वाचवणारा एकच कागद, सेटलमेंट, तोही तिच्या वतीनं पैसा सांभाळणारे ट्रस्टी भक्कम असतील तर.

नाचगाण्याची बाजू मी थोडक्यात आटपते, ती सगळ्यांना माहितीच असते. पार्लमेंट भरलं की सगळी घराणी लंडनला यायची, इस्टरनंतर सीझनला, म्हणजे नाच-मेजवान्यांच्या हंगामाला, रंग चढायचा, आणि ऑगस्टच्या बारा तारखेला ग्राउस पक्ष्यांची शिकार सुरू व्हायची त्याच्या आधी सगळे पांगायचे. सेंट जेम्सजवळ किंग स्ट्रीटवर ऑलमॅक्स नावाचं नाचघर, दर बुधवारी नाच, आत जायला व्हाउचर लागायचं आणि ते द्यायचं की नाही ते काही मोजक्या लेडी पॅट्रनेस, म्हणजे तिथला कारभार बघणाऱ्या उमराव बायका, ठरवायच्या. खायला काय, तर पावाचे पातळ तुकडे, लोणी, चहा, लेमनेड. पैसा कितीही असो, नुसत्या पैशावर व्हाउचर नाही. पण इथंही तुम्ही मला एक गोष्ट सांगितलीत ती मी कधी विसरणार नाही. त्या पॅट्रनेसमधली सगळ्यांत दरारा असलेली लेडी जर्सी, तिचे स्वतःचे आईवडील १७८२ मध्ये स्कॉटलंडला ग्रेटना ग्रीनला पळून गेले होते, कारण १७५३ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये एकवीसच्या आतल्यांना बापाच्या संमतीशिवाय लग्न अवघड करून ठेवलं होतं. मुलीचा बाप रॉबर्ट चाइल्ड, बँकर. त्यानं संताप कसा काढला, तर मृत्युपत्रात जावयाच्या वारस मुलाला डावलून संपत्ती नातीला दिली. ती नात म्हणजे लेडी जर्सी. पळून जाऊन झालेल्या लग्नाची मुलगी पुढे कुणी कुणाबरोबर नाचायचं ते ठरवत होती, आणि हे तिला मिळालं तेही एका कागदामुळंच.

पण खरे आभार मानायचेत ते कॅथरीनसाठी.

तुम्ही मला वॉन्स्टेड पार्कमध्ये नेलंत, माझ्या घरापासून इतक्या जवळ, मी तिथं किती वेळा चालायला गेलेय, पण तिथं काय होतं हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. तळी, पडका ग्रोटो, म्हणजे शोभेची बांधलेली गुहा, आणि शेजारच्या गोल्फ कोर्सकडे हात करून तुम्ही म्हणालात की घर तिथं होतं, इंग्लंडमधल्या सगळ्यांत भव्य घरांपैकी एक. कॅथरीन टिल्नी-लाँगचा धाकटा भाऊ सर जेम्स खरा वारस होता, तो १८०५ मध्ये अकराव्या वर्षी गेला आणि सगळं या मुलीकडे आलं. वर्षाला चाळीस हजार पौंड उत्पन्न अशी तेव्हा बोलवा होती. मग काय, रांगच लागली. राजपुत्र क्लॅरेन्सचा ड्यूक, जो पुढे १८३० मध्ये राजा झाला, त्यानं मिसेस जॉर्डन या नटीबरोबरचा वीस वर्षांचा, दहा मुलांचा संसार मोडला आणि हिला मागणी घातली. हिनं नकार दिला. राजपुत्राला नाही म्हणणारी ही विशीतली मुलगी, मला तिचं फार कौतुक वाटतं, आणि म्हणूनच पुढचं ऐकवत नाही.

तिनं निवडला विल्यम वेलस्ली-पोल. देखणा, एकुलता एक मुलगा, मोठ्या घराण्याचा वारस. आणि घराणं कुठलं, काका, तुम्ही ते सांगितलंत तेव्हा मी बाकावर बसलेच. त्याचा एक काका रिचर्ड वेलस्ली, ज्याच्या गव्हर्नर जनरल पदाच्या काळात दुसऱ्या बाजीरावानं ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह केला. दुसरा काका आर्थर, ज्यानं १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, मग असई, आडगाव, गाविलगड. माझं आजोळ जालन्याकडचं, असईचं नाव मी लहानपणापासून ऐकतेय. त्या आर्थरला त्याआधी आयर्लंडमध्ये किटी पाकेनहॅमच्या घरच्यांनी नाकारलं होतं, धाकटा मुलगा, हातात काही नाही, म्हणून. हिंदुस्थानातून नाव आणि पैसा घेऊन तो परतला आणि १८०६ मध्ये त्याच किटीशी लग्न झालं. म्हणजे थोरल्याला जे बापाच्या सेटलमेंटमधून मिळतं ते धाकट्यानं आपल्या मुलखातल्या लढायांतून कमावलं. हे मी मालिकेत घेतलंय, सविस्तर घेतलंय, कारण मराठी ऐकणाऱ्याला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि वॉन्स्टेडचा पैसा तरी कुठला? ती इस्टेट १६७३ मध्ये घेतली सर जोसाया चाइल्डनं, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांतला सगळ्यांत मोठा माणूस. त्याच्याच धोरणामुळं कंपनीनं औरंगजेबाशी भांडण उकरून काढलं आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी मुंबईत शिवडीला उतरला, माझगाव घेतलं, इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. त्या माणसाचं स्मारक तुम्ही मला चर्चमध्ये दाखवलंत. शिवडी-माझगावच्या लोकांनी भोगलं आणि इथं महाल उभा राहिला, हे मी त्याआधी एकत्र कधी पाहिलंच नव्हतं.

१४ मार्च १८१२, पिकॅडिलीच्या सेंट जेम्स चर्चमध्ये लग्न झालं. नवऱ्यानं बायकोची दोन्ही आडनावं आपल्या नावात घेतली, पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली. आणि मग उधळपट्टी. दहा वर्षांत एवढं कर्ज की तो धनकोंना चुकवायला देश सोडून गेला. जून १८२२ मध्ये घरातल्या सामानाचा लिलाव, बत्तीस दिवस चालला. जमीन पुढच्या वारसासाठी बांधलेली, ती विकता येईना, म्हणून शेवटी घरच पाडायला दिलं आणि दगड-विटा-लाकडाच्या भावानं विकलं. तुम्ही तिथं उभं राहून शांतपणे म्हणालात, "सेटलमेंटनं जमीन वाचवली, बाईला नाही वाचवलं." विल्यम एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोबरोबर राहायला लागला, आणि सप्टेंबर १८२५ मध्ये कॅथरीन गेली, वय पस्तीस.

जायच्या आधी तिनं मुलं आपल्या दोन बिनलग्नाच्या बहिणींच्या हवाली केली होती. नवऱ्यानं ती परत मागितली. त्या काळी मुलांवर हक्क बापाचा, आईला कायद्यानं काहीच नाही, तिच्या बाजूनं पहिला कायदा व्हायला १८३९ यावं लागलं. तरी १८२७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे चॅन्सरी कोर्टाचा मुख्य न्यायाधीश, एल्डननं मुलं त्या बापाला द्यायला नकार दिला, आणि पुढच्या वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सनंही तो निकाल कायम ठेवला. मुलं बापाकडे जाऊ नयेत म्हणून उभा राहिला तो कोण, तर त्याचा स्वतःचा काका, आर्थर, आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला. असईबद्दल माझ्या मनात जे आहे ते आहेच, पण या एका गोष्टीत तो त्या मुलांच्या बाजूनं उभा राहिला हे मी लिहिलंय आणि तसंच ठेवणार आहे.

तुम्ही थांबलात तिथं मी पुढचं विचारलं, मोठ्या मुलाचं काय झालं, ज्याच्यासाठी एवढे कागद केले होते? तुम्ही म्हणालात, त्यानं लग्नच केलं नाही. १८६३ मध्ये पॅरिसला वारला. इस्टेट वडिलांच्या चुलतभावाकडे गेली, लॉर्ड काउलीकडे, त्यांच्याकडून वॉन्स्टेड पार्क लंडन शहराच्या कॉर्पोरेशननं घेतलं आणि १८८२ पासून ते सगळ्यांसाठी उघडं आहे. तेव्हापासून पार्कात क्रिकेट खेळणारी आपली पोरं बघितली की मला कॅथरीन आठवतेच, आणि बरं वाटतं की निदान ही जमीन आता कुणा एका वारसाची नाही.

माझ्या मालिकेतला वारस आता बॉलरूममध्ये मुलीकडे बघतो तेव्हा त्याला हे सगळं माहीत असतं, बापाचं कर्ज, बहिणींचे पोर्शन, आपण सही केलेला कागद. तो वाईट मुलगा नाहीये. आणि ती मुलगीही आता फक्त सुंदर राहिलेली नाही, तिच्या बाजूनं एक ट्रस्टी आहे, तिचा मामा, चिवट, प्रत्येक कलम दोनदा वाचणारा. तो तुमच्यावरून लिहिलाय काका. काकूंनी दोन प्रसंग वाचल्यावर लगेच ओळखलं.

काकूंचेही आभार, तुम्ही मसुदे तपासत बसायचात तेव्हा तुमच्यासमोरचा चहा गार झाला की त्या दरवेळी नवा करून आणायच्या आणि माझ्यासाठी थालीपीठ बांधून द्यायच्या.

आता एक मागणं. मुलांच्या ताब्याच्या खटल्याचा भाग पुढच्या महिन्यात रेकॉर्ड करायचाय आणि मला एल्डनचा आवाज तुमचा हवाय. मराठी तुमचं सोलापूरचंच राहू दे, बदलू नका. रविवारी सकाळी येते, माइक मी आणते.

तुमची,
इलफर्डची पोर