शेंगदाण्यातला बाळ येशू

पुणे, 7 जानेवारी

प्रिय पम्या,

सप्रेम सलाम. वहिनींना आणि छोटीला आशीर्वाद.

तुझा निरोप 2 डिसेंबरचा आणि उत्तर आज. पण डिसेंबरात मला पत्र लिहायला सांगणं म्हणजे ऐन दिवाळीत शिंप्याला "जरा बस, गप्पा मारू" म्हणण्यासारखं आहे. आज सकाळी नाताळचा गोठा आवरला. मेंढरं, गाय, योसेफ, मारिया वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, खोकं माळ्यावर. बाळ येशूला बघायला आलेले तीन राजे तेवढे सापडत नाहीत. शोधतोय.

तू लिहिलंस, "लेक तीन वर्षांची झाली, यंदापासून तिला नाताळ कळेल. तुम्ही घरी काय काय करता त्याची यादी पाठव." यादी होती रे माझ्याकडे. थोरली दोन वर्षांची असताना एक्सेलमध्ये केली होती. हसू नकोस. चौदा गोष्टी होत्या त्यात, रंगीत रकाने वगैरे. त्यातल्या आज जेमतेम दोन उरल्यात, आणि घरात जे खरोखर चालतं ते त्या यादीत नव्हतंच.

चोवीस कप्प्यांचं कापडी कॅलेंडर आठवतंय? तुला फोटो पाठवला होता. बायकोनं तीन रात्री जागून शिवलं. रोज एक कप्पा, रोज एक चॉकलेट. चार तारखेला सकाळी धाकटा त्याच्याखाली तोंड माखून बसलेला सापडला, चोवीस डिसेंबरपर्यंतचा सगळा आगमनकाळ पोटात. रिकाम्या कप्प्यांत मुंग्या. आता त्या कॅलेंडरात मोजे ठेवतो. सगळ्यांनी एकसारखे कपडे घालून फोटो काढायचा, हेही एक होतं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

खरी अडचण वेगळीच होती, तुला माहीतच आहे. माझा नाताळ नगरचा, हिचा वसईचा. (अहिल्यानगर म्हणायला अजून तोंड वळत नाही, माफ कर.) आपल्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, अनारसे, पहाटेची थंडी आणि सकाळची उपासना. हिच्याकडे चोवीसच्या रात्रीची चर्चमधली मिस्सा, अंगणात गोठा आणि आल्यावर गरम फुगे. फुगे करताना पाहिलेस का कधी? फुगलेलं सैलसर पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीतून दाबून गोळा वर काढायचा आणि तेलात सोडायचा. पूर्वी ते पीठ ताडीनं फुगवत, आता यीस्ट. सासूबाईंचा हात असा चालतो की मोजता येत नाही. माझा पहिला फुगा तेलात पडला तो कर्नाटकच्या नकाशासारखा.

पहिल्या वर्षी दोन्ही घरं सांभाळायला गेलो. चोवीसला वसई, मिस्सा आटोपून झोपलेल्या पोरीला गाडीत टाकलं आणि पहाटे नगरची वाट धरली. घाटात तिला उलटी झाली, हिला रडू आलं, आणि आम्ही चर्चच्या दारात पोचलो तेव्हा पाळकसाहेब शेवटचा आशीर्वाद देत होते. आई चार दिवस फुरंगटून होती. त्यानंतर ठरवलं, पंचवीसच्या दुपारपर्यंत आपण आपल्या घरी. मग एका वर्षी वसई, एका वर्षी नगर. दोन्हीकडून बोलणी खाल्ली. पण तुला सांगतो, पोरांचा नाताळ सुरू झाला तो त्या दिवसापासून. त्याआधी तो आमच्या आईबापांचाच होता, पोरं फक्त सामानासारखी नेली-आणली जायची.

आता गोठ्याचं सांगतो, कारण आमच्याकडे सगळं तिथंच घडतं. आपल्याकडे गोठ्याचं एवढं प्रस्थ नव्हतं, झाड आणि चांदणी झाली की झालं. हिच्या माहेरी मात्र भाताचा पेंढा, माती, ताटलीत उगवलेलं हिरवं गवत, सगळा थाट. ही पोरांना झोपताना संत फ्रान्सिसची गोष्ट सांगते, असिसीच्या. 1223 साली ग्रेच्चो नावाच्या गावात त्यांनी नाताळच्या रात्री गव्हाणीत गवत भरलं, खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं आणि लोकांना म्हणाले, बघा, असा जन्मला तो. पोरांना यातलं काय भावलं असेल? खराखुरा बैल. धाकट्यानं पार्किंगमधली मांजर गव्हाणीत बसवली. बसली नाही. ओरखडे मात्र उमटले.

गवतासाठी गहू किंवा नाचणी भिजवून पंधरा तारखेच्या सुमारास ताटलीत पेरायची, नाताळपर्यंत वीतभर नाही तरी चार बोटं वर येतं. मागच्याच्या मागच्या वर्षी आम्ही विसरलो आणि घरात होती ती मेथी पेरली. छान उगवली. सव्वीसला ही म्हणाली, टाकून कशाला द्यायची? कापली आणि पिठात मळून थालीपीठ लावलं. गेल्या वर्षी मी मुद्दाम गहू आणले, तर दोघं भांडायला उठली. "मेंढरं मेथीच खातात!" आता सव्वीस डिसेंबरला गोठ्याचं थालीपीठ असतंच.

पण शेंगदाण्याची गोष्ट ऐक. बाळ येशूला गव्हाणीत चोवीसच्या रात्रीच ठेवायचं, तोवर गव्हाण रिकामी, असा हिच्या घरचा नियम. मूर्ती बोटभर. पोरांच्या हाती लागू नये म्हणून मी ती नोव्हेंबरातच कुठेतरी जपून ठेवली. माझं "जपून ठेवलेलं" कुठं जातं ते तुला हॉस्टेलपासून ठाऊक आहे. चोवीसला रात्री दहा वाजता घर उलटंपालटं केलं. मसाल्याचे डबे, कपाट, गादीखाली, काही ठेवलं नाही. धाकटा रडायला लागला, "येशू हरवला." शेवटी थोरली स्वयंपाकघरात गेली, एक शेंगदाणा घेतला, कापसात गुंडाळला, पेनानं दोन डोळे काढले आणि गव्हाणीत ठेवला. आम्ही चौघांनी दिवे मालवले, मेणबत्ती लावली आणि त्या शेंगदाण्यासमोर भजन म्हटलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, आपल्या कॅरलच्या फेरीत तू ज्याची ढोलकी चुकवायचास तेच. माझी पेटीही बेसूरच होती. पण पम्या, इतकं शांत मी चर्चमध्येही कधी बसलो नव्हतो.

मूर्ती मार्चमध्ये सापडली, शिलाईच्या डब्यात. तरी आता दरवर्षी दोघं असतात गव्हाणीत. शेंगदाणा दरवर्षी नवा लागतो, कारण जुना किडतो, आणि डोळे काढायचा मान आलटून पालटून. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. फादरांना मात्र गंमत वाटली.

आता सांताचं. यावर तू आणि वहिनी आधीच बोलून घ्या, आम्ही घेतलं नव्हतं. थोरली पाच वर्षांची असताना सांतानं तिला सायकल आणली. म्हणजे मी आणली, हप्त्यावर. दुसऱ्या दिवशी खाली खेळायला गेली आणि आमच्या वॉचमनकाकांची मुलगी, हिच्याच वयाची, सायकलकडे बघून म्हणाली, "मला सांतानं काहीच दिलं नाही. मी आईशी भांडले होते ना." थोरलीनं वर येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "मी तर जास्त भांडते. मग?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत जागे होतो. गरिबाच्या पोरीनं स्वतःला वाईट ठरवावं, अशी गोष्ट आपण मजेखातर चालवत होतो. दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, सायकल आईबाबांची. सांता फक्त एक संत्रं आणतो, आणि ते सगळ्यांना. मूळचा सांता, संत निकोलस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप, गरीब मुलींच्या घरात गुपचूप सोनं टाकून जायचा अशी त्याची कथा. सोन्याच्या गोळ्याऐवजी संत्रं. युरोपात पोरं बुटात भेट घेतात म्हणून मी चपला सुचवल्या, तर आई फोनवरून कडाडली, "खायची वस्तू चपलेत? अकलेचं दिवाळं निघालंय का?" मग कापडी पिशव्या झाल्या. चोवीसला रात्री पार्किंगमध्ये खेळणाऱ्या सगळ्या पोरांच्या दारांच्या कड्यांना एकेक. यंदा सत्तावीस झाल्या. थोरली आता सात वर्षांची आहे. परवा म्हणाली, "सांताला आपल्याच भाजीवाल्याकडची संत्री कशी मिळतात?" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. धाकट्याला सांगितलेलं नाही तिनं. पिशव्या अडकवायला मात्र माझ्याबरोबर ती येते.

फराळाचं थोडक्यात. करंज्या आम्ही करतो, फुगेही करतो, दोन्ही बिघडतात. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेली ताटं आपण रिकामी परत करत नाही, नाताळातही तेच चालतं. क्रोशाचा रुमाल टाकून ताट नेण्याचं काम पोरांचं, आणि वाटेत एखादी करंजी गहाळ होते हे सगळ्या मजल्यांना माहीत आहे.

तुझ्या मेलबर्नचं वेगळं. तिथे पावणेनऊपर्यंत सूर्य, मेणबत्ती लावायला अंधारच नाही, आणि छोटी तोवर झोपलेली. कापसाचा बर्फ वगैरे करू नकोस. नगरला सुरूच्या फांदीवर आपण कापूस चिकटवायचो, पण तेव्हाही तो कापूस म्हणूनच आवडायचा, विशेषतः खळ करताना. तुझ्या बाबांनी कामट्या बांधून केलेली चांदणी कर तिच्याबरोबर. वाकडी झाली तर झाली. तिच्या हाताला काम असू दे, एवढंच बघ. आम्ही पोरांना दाखवण्यासाठी जे जे केलं ते ते वाहून गेलं.

राजे सापडले! दरवर्षी ते चोवीसला चपलांच्या रॅकवरून निघतात, रोज थोडं पुढं सरकतात, फ्रिज, टीव्ही, बाबांची बॅग, आणि सहा तारखेला गोठ्यात. यंदा धाकट्यानं त्यांना रिक्षात बसवून आणलं होतं. आत्ता थोरलीला विचारलं तर म्हणाली, "बाबा, ते दुसऱ्या वाटेनं परत गेले ना, हेरोद राजाला कळू नये म्हणून." दुसरी वाट म्हणजे वॉशिंग मशीनच्या मागची. आज बाहेर काढायचे नाहीत म्हणे, अजून धोका आहे.

म्हणजे आज कपडे हातानं धुवायचे. उठतो. चांदणीचा फोटो पाठव.

तुझाच,
बाळ्या