साहेब, नाही म्हणा, पण का नाही तेही सांगा

मा. संरक्षण मंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी ग्वाल्हेरचा, तिथल्या लष्कर नावाच्या भागात राहतो, अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. हे पत्र माझ्या भाच्यामुळे लिहितोय. तो बारावीला आहे, गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं की बंदुकीच्या गोळीच्या आतच छोटं रॉकेट बसवलं तर? म्हणजे धक्का बंदूक देणार नाही, गोळी स्वतःच पळेल. दोन महिने वह्या भरल्या पोराने, मग एका ठिकाणी पाठवलं, आणि उत्तर आलं एका ओळीचं, प्रस्ताव स्वीकारता येत नाही. बस. त्यानंतर त्याने वह्या माळ्यावर टाकल्या.

साहेब, नकाराचं दुःख नाहीये, नकार बरोबरच होता. पण कारण सांगायला कुणीतरी पाहिजे होतं ना, कारण हे १९६० च्या दशकात अमेरिकेत खरंच करून झालंय! कॅलिफोर्नियात रॉबर्ट मेनहार्ट आणि आर्ट बील या दोघांच्या कंपनीने जायरोजेट नावाचं पिस्तूल काढलं, १३ मिलिमीटरची गोळी, तिच्यात इंधन, मागे तिरपी भोकं, त्यातून गॅस निघाला की गोळी पुढेही जाते आणि फिरतेही. चाप ओढला की घोडा गोळीच्या नाकावर आपटायचा, गोळी मागच्या पिनवर दाबली जाऊन पेटायची, आणि निघता निघता तीच घोडा परत चढवून जायची. काय डोकं लावलंय! नळीत दाब साठत नाही म्हणून पिस्तूल हलकं, हाताला झटका जवळजवळ नाहीच.

मग चाललं का नाही? हे मी भाच्याला दिवाळीच्या रॉकेटवरून समजावलं. बाटलीतून निघताना ते हळू असतं, तेवढ्यात वारा आला की तोंड वळवतं आणि शेजारच्या गच्चीवर जातं. जायरोजेटचं तेच. साध्या गोळीला सगळा वेग नळीतच मिळून जातो, हिला पूर्ण वेग यायला वीसएक मीटर तरी लागायचे, म्हणजे जवळून मारली तर जोर नाही आणि लांबून मारली तर नेम नाही, वर एकेक गोळी महाग. संपलं.

माझी आजी दिवाळीच्या रॉकेटला बाणच म्हणायची, आणि जुन्या मराठीत लढाईतल्या रॉकेटलाही बाणच म्हणत, उडवणारा तो बाणदार. हैदर-टिपूच्या लोखंडी नळीच्या बाणांनी १७८० मधे तमिळ मुलखातल्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना हैराण केलं, १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर तेच बाण इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने त्यावरून स्वतःची रॉकेटं केली. पुढे १८४४ मधे विल्यम हेल या दुसऱ्या इंग्रजाने तिरप्या भोकांनी रॉकेट फिरवलं, तेच जायरोजेटमधे आलं. २०१८ मधे शिवमोग्गा जिल्ह्यात एका विहिरीतून हजारावर जुने बाण निघाले. हे सगळं त्या पोराला एका पानात सांगता आलं असतं.

आणि कल्पना मेलेली पण नाहीये. तोफेच्या गोळ्याला मागे रॉकेट लावून पल्ला वाढवतात, आयआयटी मद्रासमधे १५५ मिलिमीटरच्या तोफगोळ्यात रॅमजेट, म्हणजे समोरून येणारी हवा आत घेऊन इंधन जाळणारं इंजिन, बसवायचं काम चालू आहे. म्हणजे पोराचा विचार चुकला नव्हता, आकार चुकला होता. नळीतून वेग घेऊनच निघालेल्या मोठ्या गोळ्याला वरून आणखी धक्का दिला तर फायदा होतो, एवढ्याशा गोळीला सगळंच स्वतःच्या दमावर करायला लावलं तर नाही.

तर मागणं एवढंच आहे साहेब. मुलांच्या कल्पना जिथे जिथे घेतल्या जातात तिथे नकाराबरोबर पाच ओळी कारण द्यायची सक्ती करा, आधी हे कुणी केलं होतं, कुठे अडलं, आणि ते मुलांच्या भाषेत, हिंदी, मराठी, तमिळ, जी असेल ती. तपासणाऱ्याला कारण माहीत असतंच, लिहायला दहा मिनिटं लागतात.

भाच्याने वह्या परत खाली काढल्यात. आता तोफेच्या गोळ्याचं गणित मांडतोय, परीक्षा झाली की पाठवणार आहे.

आपला,
फिजिक्सचा एक मास्तर
लष्कर, ग्वाल्हेर